बुवांच्या गुडघ्यांवरची गोधडी

या मित्रांनो, या. सरका पुढे, अजून थोडं पुढे. मागे खांबाला टेकून बसणाऱ्याच्या कानावर गोष्ट पडते, पण मनावर पडत नाही. चपला बाहेर राहू द्या, मांडी घाला आणि हातातला मोबाईल घटकाभर पालथा ठेवा. मी तुम्हाला एक गोष्ट सांगणार आहे. तिच्यात राजा नाही, राक्षस नाही. एक सासू आहे, एक सून आहे, एक कीर्तनकार बुवा आहेत आणि त्यांचे दोन दुखरे गुडघे आहेत. गोष्ट माझ्याच अंगावर घडली आहे, त्यामुळे तिच्यात मीठमसाला घालायची मला गरज नाही.

मी एक जुनी गोधडी आहे. थांबा, हे अर्धंच खरं झालं. माझं कापड जुनं आहे, जन्म मात्र गेल्या मार्गशीर्षातला. मागच्या जन्मी मी एक नव्हते, अकरा होते. अकरा टी-शर्ट!

नाशिकरोडहून एकलहऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक कॉलनी आहे. गच्चीवर उभं राहिलं की वीज केंद्राची धुराडी दिसतात. त्या कॉलनीतल्या मारुतीच्या देवळात दर मार्गशीर्षात सप्ताह बसतो. सात दिवस वीणा जमिनीला टेकत नाही. एकाच्या गळ्यातून ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते. पहाटे काकडा, संध्याकाळी हरिपाठ, मग कीर्तन आणि शेवटच्या दिवशी सकाळी काला. या सात दिवसांत वाढणारे, पाणी देणारे, चपला सांभाळणारे जे स्वयंसेवक असतात, त्यांच्यासाठी मंडळ दरवर्षी नव्या रंगाचे टी-शर्ट छापून घेतं. छातीवर गदा घेतलेला मारुती, पाठीवर ठळक अक्षरांत ‘स्वयंसेवक’. आम्ही अकरा जण सुनीलचे, अकरा सप्ताहांतले. सुनील वायरमन आहे, पण सप्ताहात तो आमटीची बादली घेऊन पळतो.

पहिल्या वर्षी आमचा रंग भगवा होता, मग पिवळा, मग आभाळी. एका वर्षी छापणाऱ्याकडे गुलाबी कापडच शिल्लक होतं. पोरांनी नाकं मुरडली. पण त्या वर्षी पंगतीत एकही माणूस पुरीवाचून राहिला नाही, कारण पुरीवाला लांबूनच दिसायचा! आमच्यावर आमटी सांडली, बुंदीचा पाक सांडला, काल्याचं दही सांडलं. ते डाग आम्ही मिरवले.

सप्ताह संपला की मात्र आमचे दिवस फिरायचे. कोणाला घालून सुनीलने घराला रंग दिला, कोणी गाडी दुरुस्त करताना त्याच्या पाठीखाली अंथरला गेला. शेवटी सगळे पत्र्याच्या पेटीत. त्यापेक्षा मोठा अपमान गेल्या दिवाळीत झाला. दारात बोहारीण आली. सुनीलच्या आईने, नवसाबाईंनी, आपल्या चौदा जुन्या सुती साड्या दिल्या आणि कडीचा एक मोठा स्टीलचा डबा घेतला. मग हौसेने आम्हालाही पेटीतून काढलं. बोहारणीने गुलाबी टी-शर्ट दोन बोटांच्या चिमटीत उचलला, उजेडात धरला आणि परत टाकला.

“हे नको आजी. याला कोण विचारतंय? साडी असंल तर काढा अजून.”

आम्ही पुन्हा पेटीत गेलो. मित्रांनो, फाटल्याचं दुःख नसतं हो. आपल्याला कोणी बदल्यातसुद्धा घेत नाही, याचं असतं.

आता बुवांकडे वळू या.

काल्याचं कीर्तन दरवर्षी मल्हारीबुवांचं. वय अठ्ठ्याहत्तर, आवाज अजून खणखणीत, गुडघे मात्र कुरकुरणारे. दरवर्षी त्यांना शाल आणि श्रीफळ मिळायचं. माझ्या जन्माच्या आदल्या वर्षी शाल खांद्यावर पडल्यावर ते माईकवरच म्हणाले होते, “माउली, पस्तीस वर्षं तुम्ही मला शाली देताय. खांदे पार श्रीमंत झाले. गुडघे मात्र अजून गरीबच आहेत बघा!” मांडव खदखदून हसला. नवसाबाई हसल्या नाहीत. त्यांनी ते मनात ठेवलं.

त्याला कारण होतं. कोरोनाच्या वर्षी सप्ताह बसला नव्हता. देवळाला कुलूप होतं. त्याच वर्षी नवसाबाईंचे मालक, सहादूबाबा, गेले. दारात यायला माणूस नाही, रडायला खांदा नाही. तेव्हा मल्हारीबुवांनी तेरा दिवस रोज संध्याकाळी फोन लावला आणि फोनवरून कीर्तन केलं. श्रोता एकच, नवसाबाई. पखवाज नाही, टाळ नाहीत. मधेच आवाज तुटायचा, मग बुवा पुन्हा फोन लावून तीच ओळ पुन्हा म्हणायचे. एका श्रोत्यासाठी त्यांनी एकही ओळ गाळली नाही.

तर गेल्या मार्गशीर्षात, काल्याला पंधरा दिवस असताना, सुनील घरी आला तो पडलेल्या चेहऱ्यानेच.

“आई, बुवांचा फोन होता. यंदाचा काला शेवटचा म्हणाले. मग विंचूरला लेकीकडे कायमचे राहायला जाणार. प्रवास झेपत नाही आता.”

नवसाबाई मेथी निवडत होत्या. त्यांचा हात थांबला.

“मग यंदा शाल नाय द्यायची,” त्या म्हणाल्या. “गोधडी द्यायची. माझ्या हातची.”

त्या उठल्या, कपाट उघडलं आणि तशाच उभ्या राहिल्या. साड्यांच्या जागी कडीचा डबा चकाकत होता.

“डबाच पांघरायला द्या आता बुवांना,” सुनील म्हणाला.

“सुन्या, तोंड आवर. स्नेहा, तुझ्या साड्या आण बरं.”

स्नेहा म्हणजे सुनीलची बायको. तिने चार साड्या आणल्या. नवसाबाईंनी त्यांवरून हात फिरवला आणि मान हलवली. “या लय निसरड्या. बुवा झोपले की बुवा एकीकडं आन् गोधडी एकीकडं.”

तेव्हा स्नेहा हळूच म्हणाली, “आई, पेटीतले टी-शर्ट आहेत की. सगळे सप्ताहाचेच. बुवांच्या कीर्तनात वावरलेले.”

त्या क्षणी पेटीच्या अंधारात आम्ही अकरा जण घडीतल्या घडीत सरळ झालो. बोहारणीने टाकलेल्यांना बुवांच्या सेवेचं बोलावणं आलं होतं!

आमच्या बाह्या निघाल्या, गळे निघाले. पुठ्ठ्याचा एक चौकोन कापून त्याच्या मापाने प्रत्येकाचे दोन तुकडे झाले, एक छातीचा, एक पाठीचा. बावीस झाले. सहा ओळींत चार-चार लावायचे, तर चोवीस हवेत. कोरोनाच्या वर्षीचा टी-शर्ट नव्हताच ना!

“ते वर्ष गाळून टाकू,” सुनील म्हणाला. “दुसरं काही लावू तिथे.”

“वर्ष गाळता येतं व्हय रे? सप्ता झाला नाय. वर्ष तर झालंच ना?”

आणि नवसाबाईंनी सहादूबाबांची पांढरी बंडी काढली. ती आमच्याच जातकुळीची, होजिअरीची. तिचे दोन चौकोन झाले. त्यांच्यावर मारुती नाही, अक्षर नाही. नुसता पांढरा रंग. मला आजही माझ्या अंगातले ते दोन चौकोन सगळ्यांत ऊबदार वाटतात.

इथवर सगळं गोड चाललं होतं. आता गोंधळ ऐका.

मित्रांनो, साडीचं कापड उभ्याआडव्या धाग्यांनी विणलेलं असतं. आमचं तसं नाही. स्वेटरसारखे बारीक फासे एकमेकांत अडकवून आम्ही तयार होतो. म्हणून ओढलं की लांबतो आणि सोडलं की परत जागेवर येतो. नवसाबाईंनी चाळीस वर्षं गोधड्या शिवल्या होत्या, त्या सगळ्या सुती साडीच्या. साडीच्या गोधडीचा पहिला नियम काय? ताण! चार बायकांनी चार कोपरे धरायचे, करकचून ओढायचं, कडेला पाटा-वरवंटा ठेवायचा, सुरकुती दिसता कामा नये. मग धावदोरा घालायचा. नवसाबाईंची गोधडी म्हणजे ताणलेला पखवाज, असं कॉलनीत म्हणायचे.

स्नेहा जवळच्याच एका शिवणकारखान्यात शाळांचे खेळाचे टी-शर्ट शिवते. तिने पाहिलं आणि ती दारातूनच म्हणाली, “आई, हे ओढू नका. होजिअरी आहे. झोपवून शिवायची असते.”

“झोपवून? अंगाई म्हणू का तिला?”

“खरंच सांगते. ओढलेलं परत येतं.”

“हे बघ बाई, तू मशीनवर शिवती. बटन दाबलं की घर्रर्र. मी हातावर शिवते. तुझं लगीन व्हायच्या आधीपासून शिवते.”

स्नेहा कामावर गेली. चार बायकांनी मला ओढलं. काय सांगू, पिवळ्या चौकोनावरच्या मारुतीची गदा हातभर लांब झाली! खाली जुनी चादर, तिच्याखाली धोतर आणि वर ताणलेली मी. नऊ दिवस धावदोरा चालला. टाका असा बारीक की मुंग्यांनी रांग धरावी.

दहाव्या दिवशी दुपारी शेवटचा टाका पडला. नवसाबाईंनी पाटा उचलला, वरवंटा उचलला, आणि मी, मित्रांनो, उठून बसले! माझे चारही काठ वर आले. नऊ दिवस ओढून धरलेले माझे सगळे फासे एकदम घरी परतले आणि खालच्या चादरीलाही सोबत घेऊन आले. अंगभर चुण्या पडल्या. मधे खोलगट, कडेला उंच.

शेजारच्या झुंबरबाईंनी हनुवटीला बोट लावलं. “नवसाबाई, गोधडी शिवली का कढई? भजी तळायची का हिच्यात?”

बायका हसल्या. नवसाबाईंनी मला पालथं घातलं, तळहाताने दाबलं. मी परत उठले. पुन्हा दाबलं. मी पुन्हा उठले. माझा काय दोष? माझा स्वभावच तो! पण त्यांचे डोळे पाहिले आणि मला वाटलं, या बाईसाठी आपल्याला एकदा तरी साडी होता आलं असतं तर!

बायका गेल्या. सप्ताह बसून दोन दिवस झाले होते. देवळाच्या भोंग्यावरून हरिपाठ ऐकू येत होता आणि काल्याला पाचच दिवस राहिले होते. सुनील म्हणाला, “आई, शाल घेऊन येऊ का? अजून वेळ आहे.”

स्नेहा कामावरून आली. तिने मला पाहिलं, तिला सगळं समजलं, पण ‘मी म्हटलं होतं ना’ हे चार शब्द तिच्या तोंडून आले नाहीत. तिने चहा टाकला. नवसाबाईंनी कप हातात घेतला, तसाच खाली ठेवला. मग डब्यातून छोटी कात्री काढली आणि माझ्या काठाचा पहिला टाका कट्‌कन कापला.

“आई! सगळं उसवणार?”

“मग? आपला ताठा बुवांच्या गुडघ्यांवर घालू का?” त्यांनी दुसरा टाका कापला. “बस इथं. आन् मला शिकव.”

“मी? तुम्हाला?”

“न्हाय तर काय झुंबरबाईला बोलावू?”

स्नेहा हसली आणि खाली बसली. तिने दुसऱ्या टोकाने उसवायला घेतलं. नऊ दिवसांची मुंग्यांची रांग सासू-सुनेने त्या संध्याकाळपासून दुसऱ्या दुपारपर्यंत उसवली. स्नेहाने रजा टाकली होती.

मग माझं नवं शिक्षण सुरू झालं. आधी सगळ्या तुकड्यांना कोमट पाण्यात बुडवलं, म्हणजे ओढाताण विसरून ते आपल्या मापाला आले. सावलीत आडवे वाळवले. जुन्या सुती चादरीचे चोवीस चौकोन कापले आणि प्रत्येक तुकडा त्यावर नुसता ठेवला. ओढायचा नाही, दाबायचा नाही, तळहाताने वारं घातल्यासारखा हात फिरवायचा. मग कडेने कच्चा टाका, आणि मग चौकोनाला चौकोन जोडायचा. आता चादर आम्हाला धरून होती, म्हणजे लांबायची सोयच नाही. सुईसुद्धा बदलली. स्नेहाने कारखान्यातून विचारून आणलेली सुई टोकाला किंचित गोल होती. टोकदार सुई आमचा फासा तोडते आणि भोक वाढत जातं, ही मात्र फासा बाजूला सारून आत शिरते.

“हात ढिला सोडा आई. अजून ढिला.”

“चाळीस वर्षं आवळायला शिकलेला हात हाय. तो काय एका दिवसात ढिला व्हतोय?”

“मग हरिपाठ म्हणत शिवा. म्हणताना तुमचा हात आपोआप सैल पडतो, मी पाहिलंय.”

नवसाबाईंनी सुनेकडे पाहिलं. इतकी वर्षं ही पोरगी आपला हात बघतेय, हे त्यांना माहीतच नव्हतं. त्या हरिपाठ म्हणू लागल्या आणि खरंच, दोरा सैल धावू लागला. एकदा-दोनदा स्नेहाचीच ओळ चुकली, तेव्हा नवसाबाई म्हणाल्या, “टाका तुझा बरोबर, पाठांतर कच्चं. ते मी शिकवते.” अशी दोन्हीकडून शाळा भरली.

शेवटी जोडलेले चौकोन आणि खालचं धोतर, सगळे थर एकत्र बांधायचे होते. त्यासाठी धावदोरा नाही. वीत-वीत अंतरावर जाड दोरा वरून खाली, खालून वर काढायचा आणि दोन गाठी मारायच्या. गाठीमुळे थर सरकत नाहीत आणि मधल्या जागेत कापडाला श्वास घेता येतो. झुंबरबाईही येऊन बसल्या. “कढई करताना हसले, आता गोधडी करताना हात तरी लावते,” म्हणाल्या. पण पाच दिवस ते पाचच दिवस. काल्याच्या सकाळी देवळात टाळ वाजू लागले तेव्हा माझ्या शेवटच्या दोन ओळी अजून बांधायच्या होत्या.

“चला,” नवसाबाई म्हणाल्या, “तिथंच बांधू.”

आणि मी मांडवात आले. मागच्या बाजूला, बायकांच्या घोळक्यात. माझं एक टोक नवसाबाईंच्या मांडीवर, दुसरं स्नेहाच्या. समोर मल्हारीबुवा उभे राहिले, पखवाजावर थाप पडली, आणि त्या थापेवर इकडे गाठी पडू लागल्या. वर आवाज चढला की दोरा वर, आवाज उतरला की दोरा खाली. कृष्ण गोपाळांच्या शिदोऱ्या एकत्र कालवतो, तो प्रसंग बुवा सांगत होते. कोणाची भाकर, कोणाचं लोणचं, कोणाचा शिळा भात, सगळं एका ठिकाणी, आणि देव म्हणतो याच्यासारखं गोड काही नाही. मी तर अंगभर शहारले. अकरा टी-शर्ट, एक बंडी, एक चादर, एक धोतर. माझंच वर्णन चाललं होतं की!

बुवांची नजर मागे गेली आणि ते थांबले.

“मागच्या माउली, काय चाललंय? निवडणं-टिपणं घेऊन आलात का?”

मांडव हसला. नवसाबाईंनी मान आणखी खाली घातली. सुनील आमटीची बादली हातात घेऊन उभा होता, तो तिथूनच ओरडला, “बुवा, तुमच्यासाठीच आहे ते! तीन गाठी राहिल्यात!”

मग बुवांनी टाळ छातीशी धरले. “तीनच? मग देव थांबेल की. पखवाज, माउलींना साथ करा.”

आणि काय सांगू मित्रांनो! पखवाजवाला बोटं नाचवू लागला. एक गाठ पडली, मांडवाने टाळी दिली. दुसरी पडली, टाळ्या वाढल्या. तिसऱ्या गाठीला स्नेहाच्या हातातून दोरा सुटला, झुंबरबाई किंचाळल्या, “अगं धर!” नवसाबाईंनी तो पकडला, गाठ बसवली, दाताने दोरा तोडला, आणि साऱ्या मांडवातून एकच गजर उठला.

मला दोघींनी पुढे नेलं आणि बुवांसमोर पसरलं. मी सपाट पडले. एक काठ वर आला नाही, एक चुणी पडली नाही. बुवांनी एकेका चौकोनावर बोट ठेवलं. भगवा, पिवळा, आभाळी. गुलाबीवर हसले. पांढऱ्यावर आले आणि त्यांचं बोट तिथेच राहिलं. ते काही विचारणार, तोच नवसाबाई म्हणाल्या, “त्या वर्षी तुमी फोनवर केलंत ना, ते वर्ष हाय ते.”

बुवांनी दोन्ही हात जोडले. थोड्या वेळाने मंडळाच्या एका माणसाने माईक घेतला. अन्नदान, मांडव, फुलं, ज्याची-ज्याची सेवा, त्याचं-त्याचं नाव माईकवरून घ्यायची रीत आहे. “गोधडीची सेवा कोणाची म्हणून सांगू?”

“स्नेहा सुनील,” नवसाबाई चटकन म्हणाल्या. “हिनंच शिकवली. मी नुसती कढई केली व्हती.”

“नाही हो! आईंची आहे. त्यांचा हात आहे.”

“खोटं बोलू नगं देवळात!”

“तुम्ही बोलताय खोटं!”

दोघींचं भांडण माईकमधून साऱ्या कॉलनीत ऐकू गेलं. बुवा इतके हसले की त्यांना बसावं लागलं. बसले, मला ओढून गुडघ्यांवर घेतलं आणि म्हणाले, “असं भांडण घरोघरी लागो रे बाबा!” त्या हशात नाव घ्यायचं राहूनच गेलं. मग दहीहंडी फुटली आणि पंगती बसल्या.

आता मी विंचूरला असते. सकाळी बाजारात कांद्याचे ट्रॅक्टर येऊ लागतात, तेव्हा बुवा ओट्यावर बसतात आणि मी त्यांच्या गुडघ्यांवर. ते बारीक आवाजात गातात, मी ऐकते. त्यांची लेक मला थंड पाण्यात धुते, पिळत नाही, दोरीवर लोंबकळत ठेवत नाही. बाजेवर सावलीत आडवी पसरते. तुमच्या घरी माझी एखादी बहीण असेल तर तिलाही असंच जपा. आणि कपाटाच्या तळाशी पडलेला टी-शर्ट फेकण्याआधी एकदा हातात घेऊन बघा, त्याला अजून कोणाच्या तरी गुडघ्यांवर जायचं असेल.

एवढीच माझी गोष्ट, मित्रांनो. दक्षिणा नको. फक्त एक करा. आज अंथरुणावर पडाल, पांघरूण हनुवटीपर्यंत ओढाल, तेव्हा एकदा नवसाबाईंची आठवण काढा. चाळीस वर्षांचा ताठ हात सुनेपुढे करून ‘शिकव’ म्हणणाऱ्या नवसाबाईंची. माईकवर त्यांचं नाव राहून गेलं. तुम्ही तरी घ्या.